ओठ हलतात, आवाज निघत नाही

‘सलाम. माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. आमच्या चर्चमध्ये पुस्तकातली उपासना असायची, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीतं, आणि घरी दिवेलागणीला सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. लग्न होऊन नवापूर तालुक्यात आले त्याला दहा-अकरा वर्षं झाली. इथल्या मंडळीत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, रडतात, काही जण आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या अन्य भाषेत बोलतात. मी डोळे मिटून बसते, तोंडून शब्द निघत नाही. बहिणींच्या सभेत प्रत्येकीजवळ साक्ष असते, “प्रभू मला म्हणाला.” मला आजवर काहीच ऐकू आलेलं नाही. एकीने तर सांगितलं, पुस्तकातली प्रार्थना मेलेली असते. मिस्टर सुरतला कारखान्यात आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. मुलांना घेऊन मी तिकडेच राहायला जावं असा आमचा विचार चाललाय. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत एका वडीलधाऱ्या बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं की प्रभूने तिला दाखवलं, मी जाऊ नये. गेले तर मुलांवर संकट येईल. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्या पहाटे उठून इथल्या मावची बोलीत प्रार्थना करतात, पण या विषयावर काही बोलत नाहीत. देव माझ्याशीच का बोलत नाही? माझं काय चुकतंय?’

— एक भगिनी, नवापूर तालुका

प्रिय ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप उडालेली आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. ‘मुलांवर संकट येईल’ हे शब्द कसे तपासायचे ते मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे, पण एवढं आत्ताच ऐका: लेकरांच्या नावाने आईला धाक घालणं ही आपल्या प्रभूची बोलायची रीत नाही. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बाळांना घेऊन येतात आणि शिष्य त्यांना दटावतात. तिथे येशू रागावतो तो शिष्यांवर, बाळं आणणाऱ्यांवर नाही. आज रात्री एवढा उतारा वाचा आणि झोपा.

आता प्रार्थनेकडे येऊ. तुमच्या पत्रात भुसावळ आणि नवापूर समोरासमोर उभे आहेत, आणि यातलं एकच खरं असणार असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही.

तुमच्या मंडळीच्या मोठ्या आवाजाबद्दल आधी बोलते, कारण शहरातल्या चर्चमध्ये वाढलेली आपण माणसं त्याला पटकन गोंगाट म्हणून मोकळी होतो. सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, आवाज सोडून प्रार्थना करणं महाराष्ट्राला नवं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आध्यात्मिक जागृती झाली, तेव्हा तिथल्या मुली अशाच एकत्र, मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. कोणी दुष्काळातून आलेली, कोणी लहानपणीच विधवा झालेली. त्यांच्या आवाजाला बाहेर कुठे किंमत होती? तुमच्या भागातही पिढ्यान्‌पिढ्या असंच होतं. सावकाराच्या ओट्यावर, कचेरीच्या दारात, जंगल खात्याच्या शिपायासमोर ज्यांना खालच्या मानेने उभं राहावं लागलं, त्यांची नातवंडं आज देवासमोर छाती भरून बोलतात. त्या आवाजाचा मला मनापासून आदर वाटतो. तुम्हीही तो बाळगा.

पण त्याच पवित्र शास्त्रात हन्नाही आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय. मूल होत नाही म्हणून सवत टोमणे मारते, नवऱ्याला तिचं दुःख कळतं पण पुरतं कळत नाही, आणि ही बाई शिलोच्या मंदिरात जाऊन प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज निघत नाही. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटतं, ही प्यायलेली आहे. तो तिला झापतोसुद्धा. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चूक याजकाची होती. हन्नाने त्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगितलं, मी माझं मन परमेश्वरासमोर ओतत होते. तुम्हाला कोणी विचारलं, ‘तू प्रार्थना का करत नाहीस?’ तर हेच उत्तर द्या. अन्य भाषांचं म्हणाल, तर ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलेलं आहे, आणि त्याला अपेक्षित उत्तर ‘नाही’ असंच आहे. ते दान आहे. दान ज्याला मिळतं त्याला मिळतं. ज्याला मिळालं नाही तो कमी लेकरू ठरत नाही.

‘पुस्तकातली प्रार्थना मेलेली असते’ हे वाक्य मात्र मला अजिबात मान्य नाही. स्तोत्रसंहिता काय आहे? दीडशे स्तोत्रं, दुसऱ्यांनी रचलेली, आणि ती तोंडपाठ म्हणत इस्राएलाच्या कितीतरी पिढ्या जगल्या. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेसुद्धा बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य होतं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ अखेरच्या यातनेत देवाच्या पुत्राने लहानपणापासून पाठ असलेले शब्द वापरले. प्रार्थना मरते ती मन दुसरीकडे असलं की; मग ती वाचलेली असो नाहीतर तासभर ओरडून केलेली. माहेरची प्रभूची प्रार्थना सोडू नका. एका दमात म्हणून टाकायची सवय झाली असेल तर एक दिवस एकच ओळ घ्या. ‘आमची रोजची भाकर’ ही ओळ घेऊन दिवसभर वावरा. भाकरी थापताना, मुलांचे डबे भरताना, सुरतच्या पगाराचा हिशेब करताना ती मनात येऊ द्या. ‘आम्हांस क्षमा कर’ या ओळीला एका दिवसाहून जास्त लागेल, तर लागू द्या.

तुम्हाला वेळ कुठे मिळतो हा प्रश्न पत्रात नाही, पण तो आहे हे मला दिसतं. घर, मुलं, शेत, आणि नवरा पंधरा दिवसांनी येणारा. पॅरिसच्या एका मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक होता, त्याची बरीच वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात गेली. त्याचं म्हणणं असं की भांड्यांच्या खडखडाटातही त्याला देव तेवढाच जवळ असतो, जेवढा गुडघे टेकल्यावर. शास्त्रातल्या नहेम्याचं, पर्शियाच्या राजाच्या सेवकाचं, उदाहरण तर याहून लहान आहे. राजाने विचारलं, तुला काय हवं, आणि उत्तर देण्याआधी मधल्या क्षणात त्याने प्रार्थना केली. ती प्रार्थना तेवढ्याच वेळाची होती, आणि ती शास्त्रात नोंदली गेली. पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांमध्ये ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर’ एवढंच वाक्य श्वासाबरोबर पुन्हा पुन्हा म्हणायची रीत आहे. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय जवळजवळ हेच ओरडला होता. तुरीच्या शेतात निंदणी करताना हे वाक्य सहज सोबत येतं. आणि गाणं! नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी मंडळीला अभंग दिले, ओवी दिली, कीर्तन दिलं, कारण आपल्या मातीतला माणूस गाऊनच देवाजवळ जातो हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्याकडे तर ढोलावर मावची गीतं आहेत. शब्द फुटत नसतील तर गा. गाताना कोणी तुमच्याकडे वेगळी प्रार्थना मागणार नाही.

आता ऐकण्याबद्दल. खरा काटा इथेच आहे.

‘प्रभू मला म्हणाला’ असं म्हणणाऱ्या बहिणी खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण त्या जे म्हणतात त्यात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. कोणाला वाचताना एखादं वचन मनाला भिडतं, कोणाला स्वप्न पडतं, कोणाच्या मनात विचार येऊन ठाण मांडतो, आणि कोणाला आपली इच्छाच इतकी तीव्र वाटते की ती देवाची भासते. सभेत या सगळ्याला एकच वाक्य लागतं. त्यामुळे तुम्हाला वाटतं की सगळ्यांच्या कानात आवाज येतो, फक्त माझ्या येत नाही. शास्त्र इतकं सरळसोट सांगत नाही. हन्नाला पुढे झालेला मुलगा शमुवेल लहान होता त्या काळात परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आणि हाक आली तेव्हा शमुवेल देवळातच झोपलेला असूनही त्याला तीन वेळा ती एलीची वाटली. त्याला समजावलं कोणी? त्याच म्हाताऱ्या एलीने, ज्याने हन्नाला ओळखायला चूक केली होती. देवाचं ऐकायला शिकताना दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस निर्दोष असावंच लागतं असंही नाही.

तुमच्या घरात असं माणूस आहे. सासूबाई. त्यांना वाचता येत नाही, पण वर्षानुवर्षं पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्या बाईला काहीतरी कळलेलं असतं. सासूबाई गप्प आहेत म्हणजे त्या बहिणीच्या निरोपाशी सहमत आहेत असं धरू नका. कदाचित तुम्ही विचारायची वाट पाहत असतील. निरोपाबद्दल नको, आधी एवढंच विचारा की आई, तुम्ही पहाटे काय बोलता आणि मग काय करता. बोलून झाल्यावर त्या थोडा वेळ तशाच बसतात का, हे विशेष विचारा.

तुम्ही भुसावळहून आलात तेव्हा मावची तुम्हाला नुसता आवाज वाटली असेल. कोणी फळ्यावर लिहून शिकवली नाही. घरात राहून, चुलीपाशी, शेतात, लग्नाच्या मांडवात ती कानावर पडत राहिली, आणि एक दिवस लक्षात आलं की बाया काय बोलतायत ते कळतंय, कोणती गोष्ट सासूबाई म्हणतील आणि कोणती कधीच म्हणणार नाहीत हेही कळतंय. देवाचं ऐकणं माझ्या समजुतीप्रमाणे असंच येतं. तो कसा बोलतो याची ओळख वचनातून, येशूच्या वागण्यातून, सोबत राहून होत जाते. ती ओळख तुमच्याजवळ आहे, नाहीतर ‘संकट येईल’ हे वाक्य तुम्हाला इतकं टोचलंच नसतं. तुमच्या आत काहीतरी म्हणालं ना, की हा आवाज त्याचा वाटत नाही? तेही ऐकणंच आहे.

यासाठी करायचं काय, तर मार्काचं शुभवर्तमान घ्या. चारांत तेच सगळ्यात लहान, सोळा अध्याय. रोज आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नको. हळू, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात वाचा. पुन्हा वाचा. एखादा शब्द अडकला तर पुढे पळू नका, तिथेच थांबा आणि त्याबद्दल प्रभूशी बोला; मग बोलणंही थांबवा. मठांमध्ये ही पद्धत फार जुनी आहे आणि बाराव्या शतकात दुसरा ग्विगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवाजवळ असणं. शेवटची पायरी आपण प्रोटेस्टंट मंडळीत जवळजवळ गाळतोच. आपल्याला वाटतं, आमेन म्हटलं की उठायचं. आमेननंतर पाच मिनिटं बसा. मन भटकेल, शेळ्या, फी, मोबाईलचा रिचार्ज सगळं आठवेल; भटकलं की त्याच शब्दाकडे परत या. काही ‘ऐकू’ येण्याची वाट पाहू नका. महिनाभर काहीच घडलं नाही असं वाटलं तरी चालेल.

आणि खरोखरच कोरडं वाटत राहिलं तर? तेही देवाला सांगा, तक्रारीच्या भाषेत. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं आहे आणि सुरुवातच ‘कुठवर’ अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कित्येक दशकं देव जवळ असल्याची जाणीवच न होता काढली. प्रार्थना सोडली नाही, रस्त्यावरच्या माणसांना उचलणं सोडलं नाही. त्यांच्या प्रार्थनेत खोट होती असं म्हणायची माझी छाती नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्टही लक्षात ठेवा. तो थकून, मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं आणि दूताच्या हातून भाकर-पाणी दिलं. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची मंद वाणी हे सगळं मग. उपास-प्रार्थना चांगलीच आहे, पण रात्रीची झोप नसताना तुम्ही सध्या उपास धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-पंधरा दिवसांतही झोप परतली नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्यात अविश्वास नाही.

आता तो निरोप. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखा. दोन्ही एका दमात. करिंथच्या पत्रात तर तो सांगतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. म्हणजे कोणी उभं राहून ‘प्रभूने दाखवलं’ म्हणालं की विषय संपला, अशी पद्धत प्रेषितांच्या मंडळीतही नव्हती. तुमच्या मंडळीत पारख झाली का? तुमच्या पत्रावरून तरी सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं आणि तुम्ही घरी आलात असं दिसतं.

प्रेषितांची कृत्ये, एकविसावा अध्याय, हा तुमच्यासाठीच लिहिलाय असं वाटावं इतका जवळचा आहे. पौल यरुशलेमला निघालाय. सोरातले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने त्याला सांगतात, जाऊ नकोस. पुढे कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाचाच कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की ज्याचा हा पट्टा त्याला तिथे असंच बांधतील. सगळे रडून विनवतात. आणि पौल? तो जातो. अगबाने सांगितलेलं खोटं नव्हतं; पौलाला खरंच बेड्या पडल्या. पण ‘म्हणून जाऊ नकोस’ हा निष्कर्ष त्याच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनी काढलेला होता. पाहिलेली गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ, या दोन्ही वेगळ्या असू शकतात. शेवटी ते सगळे ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून थांबले. पौलाला कोणी शाप दिला नाही.

म्हणून त्या बहिणीकडे एकदा जा, शक्य तर पाळकसाहेबांच्या पत्नीला किंवा मंडळीतल्या एखाद्या समजूतदार वडिलांना सोबत घेऊन. भांडायला नको. विचारा की मावशी, तुम्हाला नेमकं काय दिसलं, आणि त्यातलं तुमचं वाटणं किती? कदाचित तिला तुमची काळजी दिसली असेल. कदाचित सुरतला गेलेलं एखादं कुटुंब मंडळीपासून, विश्वासापासून तुटलेलं तिने पाहिलं असेल, आणि ती भीती तिच्या तोंडून अशी आली असेल. तुम्ही गेलात तर बहिणींची सभा रिकामी होईल हेही दुःख असू शकतं. जे प्रेमाचं आहे ते घ्या. धमकीचा भाग मात्र तिथेच परत द्या, शांतपणे: ‘माझ्या मुलांबद्दल तुम्ही प्रार्थना करा, पण तसं पुन्हा बोलू नका.’ पाळकांनाही हे कळायला हवं, कारण आज तुमच्या बाबतीत झालं ते उद्या एखाद्या आजारी माणसाच्या गोळ्यांच्या बाबतीत होईल, आणि तिथे जीव जातो.

राहिला सुरतचा प्रश्न. याकोब म्हणतो, ज्याला ज्ञान उणं आहे त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो. ‘दोष न लावता’ हे दोनदा वाचा. जाणं पाप नाही, राहणंही पाप नाही. अशा ठिकाणी देव एकच योग्य दार लपवून ठेवतो आणि तुम्ही चुकीचं उघडलं की शिक्षा करतो, असं मी मानत नाही. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा लढवय्या १५२१ च्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन अंथरुणावर पडला होता. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण मागे मन कोरडं होतं, आणि ख्रिस्ताच्या मागे जाण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकतो. त्यावरून त्याने निवड करायची एक रीत बसवली. तो कॅथलिक होता म्हणून सोडून देऊ नका, रीत कामाची आहे. तीन-चार दिवस ‘आम्ही जातोय’ असं मनाशी धरून वागा, स्वयंपाक करा, झोपा. मग तितकेच दिवस ‘आम्ही राहतोय’ असं धरून. रोज रात्री दिवसाकडे मागे वळून पाहा: आज कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं, कोणावर प्रेम करणं सोपं गेलं. वहीत एक ओळ लिहा. फक्त हे त्या बहिणीशी बोलून, धाक मनातून उतरल्यानंतरच करा. भीती ताजी असताना केलेली पारख भीतीचंच ऐकवते.

यजमानांनाही हेच करायला सांगा. निर्णय दोघांचा आहे आणि ऐकणंही दोघांचं. रात्री फोनवर पैशांचं बोलून झालं की एक स्तोत्र वाचा, एक ओळ तुम्ही, एक ओळ ते. मग साध्या गोष्टींची चौकशी: खोलीचं भाडं किती, सासूबाई एकट्या राहतील की येतील, शेत कोण पाहील. उधना आणि लिंबायत भागात खानदेशी माणूस भरपूर आहे, मराठीतली उपासना जवळ कुठे होते ते यजमानांनी एखाद्या रविवारी जाऊन पाहावं. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत, मुलांना त्यातली कोणती जवळ पडेल हे विचारून ठेवावं. हे सगळं प्रार्थनेच्या बाहेरचं आहे असं समजू नका.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे मिळून महिनाभर तिकडे राहून या. शाळेचे दाखले त्याआधी काढू नका.